दफ्तर वाहणारे आणि दफ्तरात नोंदले गेलेले

माझे आजोबा गावचे महार. सरकारी दफ्तर डोक्यावर घेऊन ते गावातून तालुक्याला जात. कितीही पाऊस असो, त्यांनी ते दफ्तर कधी भिजू दिले नाही, असे आजी अभिमानाने सांगत असे. त्या दफ्तरात काय लिहिले आहे, हे मात्र त्यांना कधीच वाचता आले नाही. पुढे मी शिकलो, मास्तर झालो आणि गावचे जुने कागद पाहण्याचा योग आला, तेव्हा आजोबांचे नाव मला दोनच ठिकाणी सापडले. एकदा अंगठ्याच्या ठशाशेजारी आणि एकदा दंडाच्या नोंदीत. १९५८ च्या कायद्याने महारकीचे वतन गेले, आजोबाही गेले. पण एक प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. दफ्तर वाहणारा माणूस दफ्तरात कोठे असतो?

हाच प्रश्न बरोबर घेऊन गेली काही वर्षे मी अठराव्या शतकातील अमेरिकेच्या सरहद्दीवरील लष्करी कागदपत्रे वाचीत आलो आहे. हे कागद हाताने लिहिलेले. रोजच्या हुकमांच्या वह्या, हजेरीपट, जमाखर्च, अधिकाऱ्यांची पत्रे, शिपायांच्या रोजनिश्या. आज त्यांतले पुष्कळसे छापून निघाले आहेत. मी ते छापील रूपातच वाचले, हे आधीच सांगतो.

अमेरिकाच का, असे कोणी विचारील. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील लोकांना. शंभर वर्षांनी आमच्या तरुणांनी ‘पँथर’ हे नाव घेतले तेही तेथल्या काळ्यांच्या लढ्यावरून. म्हणजे अमेरिकेच्या मुक्तीशी आमचे नाते जुने आहे. पण ज्या उतरंडीतून काळ्यांना मुक्त व्हावे लागले, ती उतरंड रचली कशी जात होती, हे आम्ही फारसे पाहिलेले नाही. सरहद्दीवरच्या लष्करी कागदांत ती रचताना दिसते. तिची वीट न् वीट शाईने मांडलेली आहे.

मराठी वाचकाला ‘अस्सल कागद’ या शब्दाचे मोठे आकर्षण आहे. राजवाड्यांपासून आपल्या इतिहासकारांनी आपल्याला तशी सवयच लावली. बखर खोटी, कागद खरा. ही शिस्त आवश्यक होती, हे मला मान्य आहे. परंतु कागद अस्सल आहे एवढ्याने तो निःपक्षपाती ठरत नाही. तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्यात माणूस कशासाठी मोजला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय अस्सल कागदही अर्धेच बोलतो. पुढील विवेचनात मी हेच तीन प्रश्न विचारणार आहे.

१

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १७५४ साली ओहायो नदीच्या खोऱ्यासाठी इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात लढाई जुंपली आणि १७६३ च्या तहाने ती संपली. पुढे युरोपभर पसरलेल्या आणि हिंदुस्थानातही लढल्या गेलेल्या सप्तवार्षिक युद्धाचाच हा भाग. ज्या भूमीसाठी हे दोघे भांडत होते तेथे डेलावेअर, शॉनी आदी मूळचे लोक राहत आणि शिकार करीत होते. त्यांना विचारण्याची गरज दोघांनाही वाटली नाही.

व्हर्जिनिया वसाहतीच्या पलटणीचा प्रमुख होता जॉर्ज वॉशिंग्टन, पुढे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला तोच. त्या वेळी त्याचे वय विशीच्या आतबाहेर होते. त्याची या काळातील पत्रे मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत आणि अभ्यासक त्यांना सरहद्दीच्या जीवनाचा आरसा मानतात. पण एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. सुमारे तीस वर्षांनी, कीर्ती मिळाल्यावर, वॉशिंग्टनने तरुणपणीच्या आपल्या पत्रांच्या नकलवहीत स्वतःच दुरुस्त्या केल्या. वाक्ये नीट केली, शब्द बदलले आणि मग ती वही पुन्हा उतरवून घेतली. ज्याच्या हाती लेखणी असते त्याला आपले तारुण्यसुद्धा पुन्हा लिहिता येते. त्याच्या हाताखालच्या शिपायाला ही सोय नव्हती.

या पत्रांत वॉशिंग्टनचे एक दुःख वारंवार येते. तो वसाहतीचा अधिकारी, आणि राजाची सनद असलेला साधा कॅप्टनही त्याच्यावर हुकूम चालवू पाहतो. या अपमानापायी १७५४ मध्ये त्याने राजीनामा दिला. पुन्हा नोकरीवर आल्यावर फोर्ट कंबरलंड येथे डॅगवर्दी नावाचा एक कॅप्टन राजाच्या जुन्या सनदेच्या बळावर त्याला मानीना. तेव्हा १७५६ च्या ऐन हिवाळ्यात वॉशिंग्टन घोड्यावरून बोस्टनपर्यंत दाद मागायला गेला. जन्माने आणि जागेने माणसाला कमी लेखणे म्हणजे काय, हे त्याला नेमके कळत होते. त्याची तक्रार न्याय्यही होती.

आता त्याच हाताने लिहिलेली दुसरी पत्रे पाहा. पलटणीतून शिपाई पळून जात होते. ते का पळत, याचे उत्तर भरतीच्या कायद्यातच आहे. ज्याला दिसण्याजोगा कामधंदा नाही अशा धडधाकट माणसाला पकडून भरती करावे, असे १७५४ चा व्हर्जिनियाचा कायदा सांगत होता, आणि ज्याला मतदानाचा अधिकार, म्हणजे जमीन, आहे त्याला वगळत होता. पुढे चिठ्ठ्या टाकून भरती सुरू झाली, तेव्हा १० पौंड भरणाऱ्याला सुटका मिळे. शिपायाचा पगार रोज ८ पेन्स, आणि त्यातूनच कपड्यांसाठी कपात. १० पौंड म्हणजे अशा शिपायाच्या ३०० दिवसांच्या पगाराएवढी रक्कम. तेव्हा सरहद्दीवर कोण गेले असेल, हे सांगायला वेगळ्या पुराव्याची आवश्यकता नाही.

१७५७ च्या जुलैत वॉशिंग्टनने विंचेस्टर येथे जवळजवळ ४० फूट उंचीचा फाशीचा खांब उभारला आणि तसे वरिष्ठांना कळविले. त्यावर इग्नेशियस एडवर्ड्स आणि विल्यम स्मिथ या दोन शिपायांना लटकविले. गोळी घालण्याऐवजी फास दिला, कारण त्याची दहशत इतरांना अधिक बसते, असे त्याने गव्हर्नर डिनविडीला लिहिले. स्वतःच्या अपमानासाठी शेकडो मैल घोडा दौडविणाऱ्या या माणसाला शिपायाच्या पळण्यात कोठलीही दाद दिसली नाही. त्यात त्याला फक्त अपराध दिसला.

पलटणीचे हजेरीपटही शिल्लक आहेत. त्यांत प्रत्येक शिपायाचे नाव, वय, उंची, धंदा, जन्मदेश आणि वर्ण-चेहऱ्याची खूण असे रकाने आहेत. सुतार, शिंपी, विणकर, चांभार, शेतकरी. कोणी इंग्लंडचा, कोणी आयर्लंडचा, कोणी व्हर्जिनियाचा. कोणाच्या तोंडावर देवीचे व्रण. प्रथम वाचताना मला भरून आले, कारण येथे सामान्य माणूस चेहऱ्यासकट भेटतो. मग हे रकाने कशासाठी भरले असतील, असा विचार मनात आला. पळालेला शिपाई ओळखता यावा आणि धरून आणता यावा, हे त्यांचे मोठे काम होते. ज्या कागदाने त्या माणसांचा चेहरा आपल्यापर्यंत पोचविला, तो त्यांना पकडण्यासाठी लिहिलेला होता. इतिहासाच्या कृतज्ञतेत हे विसरता कामा नये.

आणि या हजेरीपटातही सगळे सारखे नाहीत. व्हर्जिनियाच्या १७५५ आणि १७५७ च्या मिलिशिया कायद्यांप्रमाणे स्वतंत्र असलेल्या काळ्या, मिश्रवर्णी आणि इंडियन माणसांनी शस्त्राशिवाय हजर व्हायचे होते. त्यांच्याकडे काम कोणते? ड्रम वाजविणे, तुतारी फुंकणे, वाट काढणे, आणि सांगतील ते हलके काम. हे वाचून माझ्यासारख्याच्या अंगावर काटा येतो. लढाई सर्वांची, मरणही सर्वांचे, पण शस्त्र एकाचे आणि वाद्य दुसऱ्याचे. आमच्या गावातही मिरवणुकीपुढे हलगी कोणी वाजवायची आणि तलवार कोणी मिरवायची हे जन्मानेच ठरलेले होते. दोन समाजांनी ही गोष्ट एकमेकांपासून शिकलेली नाही. माणसाला उपयोगापुरते जवळ घ्यायचे आणि सन्मानापुरते दूर ठेवायचे, ही गरज दोन्हीकडे होती.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. तिचे बळ यात असते की प्रत्येकाला वर पाहून संताप येतो आणि खाली पाहून समाधान वाटते. अमेरिकेतील वर्णभेद आणि आमची जात एकच, असे मला म्हणायचे नाही. परंतु राजाचा कॅप्टन, त्याखाली वसाहतीचा कर्नल, त्याखाली भूमिहीन गोरा शिपाई, त्याखाली शस्त्र नसलेला काळा वाजंत्री आणि सर्वांच्या बाहेर मूळचा रहिवासी ही रचना समजून घ्यायला बाबासाहेबांच्या या विचाराइतके चांगले साधन मला दुसरे सापडलेले नाही.

युद्धाच्या शेवटी या उतरंडीचा हिशेबही झाला. १७५४ मध्ये स्वेच्छेने भरती होणाऱ्यांना गव्हर्नरने २ लाख एकर जमीन कबूल केली होती. १७७० नंतर तिची वाटणी झाली. वरिष्ठ अधिकाऱ्याला १५,००० एकर, कॅप्टनला ९,००० आणि साध्या शिपायाला ४००. शिवाय वॉशिंग्टनने इतरांचे हक्क विकत घेऊन आपला वाटा वाढविला. ज्यांची शिकारीची भूमी वाटली गेली त्यांचा या वाटणीच्या कागदात कोठेच रकाना नाही.

२

वरच्यांच्या पत्रांत शिपाई अपराधी ठरतो. मग शिपायाने स्वतः लिहिले तर? असे लेखन थोडे आहे, पण आहे. न्यू इंग्लंडच्या वसाहतींत साक्षरता अधिक असल्यामुळे तेथील काही साध्या शिपायांनी रोजनिश्या ठेवल्या. त्यांतील रुफस पटनमची रोजनिशी मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

पटनम १७३८ साली जन्मला. लहानपणी बाप गेला. सावत्र बाप निरक्षर, खाणावळ चालविणारा, आणि पोराच्या शिकण्याची टिंगल करणारा. पोराने खाणावळीत उतरलेल्या वाटसरूंची कामे करून चार पैसे मिळविले, त्याची बंदुकीची दारू घेतली, तितर मारून विकले आणि त्या पैशातून बाराखडीचे व अंकगणिताचे पुस्तक घेतले. आमच्या आत्मकथनांचे वाचक या मुलाला लगेच ओळखतील. त्याची अक्षरजुळणी जन्मभर अशुद्ध राहिली. मला ती अशुद्धता मोलाची वाटते. ती त्याच्या कष्टाची पावती आहे. ‘शुद्ध’ लिहिणाऱ्यांनी आमच्या लेखकांच्या भाषेला नावे ठेवली, त्याची येथे आठवण होते.

१७५७ मध्ये पटनम भरती झाला. करार २ फेब्रुवारी १७५८ पर्यंतचा. दिवस जवळ आला तेव्हा आणखी काही दिवस थांबावे लागेल असे वरून सांगण्यात आले. तुकडीने आपापसांत विचार केला आणि स्टिलवॉटरच्या ठाण्यातून, स्वतःच्या कॅप्टनसह, ऐन बर्फात घरची वाट धरली. वाट चुकली, अन्न संपले, पाय गारठले. बरोबरचा कुत्रा मारून खावा लागला. पण ती माणसे घरी पोचली.

लष्कराच्या भाषेत हे पलायन. पटनमच्या लेखी मात्र मुदत संपली, करार संपला. राजाने करार मोडला तर शिपाई बांधलेला नाही. याच मुद्द्यावर न्यू इंग्लंडच्या शिपायांनी पुढेही ठिकठिकाणी काम नाकारले. एकच घटना दोन लेखण्यांतून कशी दोन होते, हे येथे दिसते. विंचेस्टरच्या त्या दोन फाशी गेलेल्यांना लेखणी मिळाली असती, तर त्यांनी काय लिहिले असते? हा प्रश्न मला सोडीत नाही. नकाराची जाणीव त्यांच्यातही असली पाहिजे. पण ती पायांनी व्यक्त झाली, अक्षरांनी नाही, म्हणून आपल्याला ती फक्त गुन्हा म्हणून वाचावी लागते.

येथेच थांबलो असतो तर हा लेख सुखाचा झाला असता. सावत्र बापाशी, गरिबीशी आणि सेनापतींशी झगडून अक्षर मिळविणारा शोषित तरुण, अशी एक प्रतिमा घेऊन आपण समाधानाने उठलो असतो. परंतु पटनम पुढेही जगला. क्रांतियुद्धात तो सेनापती झाला. १७८८ मध्ये त्याच्याच पुढारीपणाखाली ओहायोच्या काठी मारिएटा ही वसाहत उभी राहिली. १७९६ मध्ये तो साऱ्या देशाचा मुख्य जमीन-मोजणीदार झाला. तितर विकून घेतलेल्या पुस्तकातून शिकलेले अंकगणित शेवटी मूळच्या लोकांची भूमी मोजून वाटण्याच्या कामी आले. १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहाने त्या लोकांच्या हातून ओहायोचा बहुतेक भाग गेलाच होता.

हे मी पटनमला आरोपी करण्यासाठी लिहीत नाही. दुःख भोगले म्हणून माणूस आपोआप दुसऱ्याच्या दुःखाचा साक्षी होत नाही, हे मान्य करणे आपल्याला जड जाते, म्हणून लिहितो. अक्षर मिळाले की मुक्ती, असे समीकरण आपण फार सहज मांडतो. आपल्यातल्या शिकलेल्यांनीही हा आरसा एकदा समोर धरावा.

३

या दफ्तरांतील सर्वांत भयानक कागद कोणता, असे कोणी विचारले तर मी लढाईचे वर्णन दाखविणार नाही. मी एक बिल दाखवीन.

१७६३ च्या उन्हाळ्यात मूळच्या लोकांनी इंग्रजांच्या ठाण्यांवर उठाव केला होता आणि आजच्या पिट्सबर्गच्या जागी असलेला फोर्ट पिट वेढला गेला होता. ठाण्यात देवी पसरल्या होत्या आणि रोग्यांसाठी वेगळे इस्पितळ होते. २४ जूनला डेलावेअरांचे दोन प्रमुख बोलणी करायला आले. ठाणे सोडून जा, असे त्यांचे म्हणणे. विल्यम ट्रेंट या व्यापाऱ्याने आपल्या रोजनिशीत नोंद केली आहे की, त्यांना इस्पितळातील दोन ब्लँकेटे आणि एक रुमाल दिला. अपेक्षित परिणाम होवो, अशी आशाही त्याने पुढे लिहून ठेवली.

रोजनिशी खासगी असते, कोणी म्हणेल एकाचा दुष्टपणा. पण ट्रेंटच्या पेढीने या वस्तूंचे बिल सरकारला लावले. दोन ब्लँकेटे, दर २० शिलिंग. एक रेशमी रुमाल १० शिलिंग, एक लिननचा रुमाल साडेतीन शिलिंग. एकूण २ पौंड १३ शिलिंग ६ पेन्स. कारणही लिहिले आहे. इंडियनांत देवी पसरविण्यासाठी इस्पितळातील लोकांकडून घेतलेल्या वस्तू भरून देणे. ठाण्याचा प्रमुख कॅप्टन एक्युयर याने त्यावर खरेपणाची सही केली आणि बिल वरून मंजूर झाले.

रोजनिशीत रुमाल एक आहे, बिलात दोन. वस्तूंच्या बाबतीत माणूस बिलात अधिक काळजीपूर्वक लिहितो. आणखी एक गोष्ट. सेनापती अ‍ॅमहर्स्ट आणि कर्नल बुके यांनी हाच उपाय एकमेकांना पत्रांतून सुचविला तो जुलै महिन्यात, म्हणजे ठाण्यातील कृत्यानंतर. त्यामुळे एका क्रूर सेनापतीने हुकूम दिला आणि खालच्यांनी तो पाळला, अशी सोपी मांडणी टिकत नाही. वरच्यालाही तेच सुचत होते आणि खालच्यालाही. विचार हवेत होता. देवी त्या प्रदेशात इतर वाटांनीही फिरत होत्या, म्हणून या दोन ब्लँकेटांनी किती माणसे मेली याचा हिशेब मांडता येत नाही. पण हेतू मात्र स्वच्छ अक्षरांत आहे आणि त्याची किंमत शिलिंगांत आहे.

हे लिहिणाऱ्याचा हात कापला नाही. का कापावा? ज्यांच्याविषयी लिहायचे ते हा कागद कधी वाचतील, ही शक्यताच त्याच्या मनात नव्हती. वाचक आपल्यापैकीच असणार, ही खात्री माणसाला निर्लज्ज करते. आमच्या पोथ्या आणि स्मृतिग्रंथ वाचतानाही हाच अनुभव येतो. शूद्र हे वाचील असे लिहिणाऱ्याला वाटले असते, तर काही वाक्ये त्याने निदान आडून लिहिली असती.

४

कागदाबाहेर काय उरले? मूळचे लोक शंख-शिंपल्यांच्या मण्यांचे पट्टे गुंफीत. त्यांत करार आणि वचने साठविलेली असत. सभेत पट्टा हाती धरून ते वचन बोलून दाखवीत. म्हणजे तेही दफ्तरच. इंग्रजांच्या वह्यांत मात्र ‘अमुक पट्टा दिला’ एवढीच नोंद पुष्कळदा येते.

दुसरे उदाहरण लूसी टेरीचे. लहानपणी आफ्रिकेतून आणलेली ही गुलाम स्त्री मॅसॅच्युसेट्सच्या सरहद्दीवरील डीअरफिल्ड गावात राहत होती. २५ ऑगस्ट १७४६ रोजी गवत कापणाऱ्या गोऱ्या कुटुंबांवर इंडियनांचा हल्ला झाला. त्यावर तिने कवन रचले. ते कागदावर छापले गेले १८५५ मध्ये, तोवर शंभराहून अधिक वर्षे ते लोकांच्या तोंडी राहिले. काळ्या अमेरिकन साहित्यातील ही सर्वांत जुनी ज्ञात कविता मानली जाते. लूसीने पुढे अबायजा प्रिन्स या स्वतंत्र काळ्या माणसाशी लग्न केले. तोही सरहद्दीच्या मिलिशियात राहिलेला.

या कवितेचे समीक्षकाने काय करावे? तिच्यात विद्रोह नाही. मेलेल्या गोऱ्यांची नावे आहेत, हळहळ आहे. गुलामीविषयी अवाक्षर नाही. विद्रोह हीच एकमेव कसोटी धरली तर ती आपल्या हाती लागत नाही. मला वाटते, तिच्यात वेगळीच ठिणगी आहे. जिचे स्वतःचे नाव मालकाच्या मालमत्तेत मोडत होते, तिने गावाची आठवण स्वतःच्या ताब्यात घेतली. मालकांनी आपल्या मृतांची नावे शतकभर गुलाम स्त्रीच्या शब्दांत जपली. आठवण ठेवणारा आणि ओझे वाहणारा येथे एकच आहे, आणि या वेळी ओझे वाहणाऱ्यानेच दफ्तर रचले.

५

आमच्याकडे लष्कर आणि अक्षर यांचे नाते याहून उघड आहे. इंग्रजांच्या पलटणीने महारांना बंदूक दिली आणि शाळाही दिली. सुभेदार रामजी त्याच पलटणीच्या शाळेत मास्तर होते. पुढे भरती बंद झाली, तेव्हा १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी लेखणी उचलून अर्ज तयार केला. शिपायाने स्वतः मांडलेला तो आमचा अस्सल कागद. तो वाचताना अभिमान वाटतो आणि वाटलाच पाहिजे. परंतु आमची बंदूक कोणाच्या राज्यासाठी कोणावर रोखलेली होती, हा पटनमचा प्रश्न आम्हालाही चुकणार नाही. अभिमान आणि प्रश्न दोन्ही बरोबर बाळगण्याइतके आपण आता मोठे झालो आहोत.

म्हणून शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते मित्रांना माझे सांगणे एवढेच आहे. आपापल्या गावचे दफ्तर वाचा. दंडाच्या नोंदी, वेठीच्या याद्या, अंगठ्यांचे ठसे, इस्पितळाचे आणि तुरुंगाचे हजेरीपट. गुन्हेगार म्हणून लिहिलेल्या माणसापाशी थांबा आणि तो कशाला नकार देत होता ते विचारा. आणि जेथे आपलाच माणूस लेखणी धरून बसला आहे, तेथे त्याने कोणाचा रकाना वगळला तेही पाहा.

आजोबांच्या त्या दंडाच्या नोंदीत कारण लिहिले आहे, ‘हुकमाप्रमाणे हजर झाला नाही’. किती वर्षे मला त्या ओळीची लाज वाटत असे. आता वाटत नाही.